सातवी ओळ

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
मी एकवीस वर्षं खतावणी लिहिते.
पूर्वी तिथं भाव बोलत नसत,
रुमालाखाली बोटं धरत.
किती बोटं, कुठल्या पेराशी, ते दोघांनाच कळे.
बाकीच्यांनी नुसते चेहरे वाचायचे.

आज माझ्या ओट्यावर तीन कोटेशनं आहेत,
तेलाच्या बुधलीखाली दाबलेली.

पहिला विश्रामबागेतला. लेसरनं
भिंतीवर लाल ठिपका नाचवला,
चहा नको म्हणाला, कागद मेलवर आला:
चार लाख पंच्याऐंशी हजार, अधिक जीएसटी,
अटी इतक्या बारीक की चष्म्यावर भिंग धरलं.
'अंदाजे' हा शब्द नऊ वेळा. मोजला.

दुसरा शिरगुप्प्यांचा प्रीतम, ओळखीतला.
"काकू, तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचं?"
लग्नपत्रिकेच्या पाठीवर एकच आकडा:
तीन दहा.
सिमेंट कुणाचं, फरशी कुठली, राडारोडा कोण उचलणार,
विचारलं तर म्हणाला, "हुतंय सगळं."
'हुतंय सगळं' कुठल्या खात्यावर टाकायचं
ते एकवीस वर्षांत मला कुणी शिकवलं नाही.

तिसरा मिरजेचा, दस्तगीर नदाफ.
स्कूटर फाटकाशी लावून आत आला,
टेप काढायच्या आधी विचारलं,
"बाई, पाणी कुठवर आलं होतं?"
मी कॅलेंडर बाजूला केलं.
मातकट रेघ, माझ्या खांद्याला लागते.
त्यानं रेघेवर हात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.

चौकटीच्या वहीचा कागद, शिसपेन्सिल, सात ओळी.
सातवी: बोर्ड, मीटर, सगळं रेघेच्या वर घेणे.
अठ्ठावीस हजार.
खाली बेरीज: तीन लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे.

माझ्याकडे तीन नव्वद आहेत.
पतसंस्थेतली ठेव, भिशी,
आणि दोन पाटल्यांतली एक.
बसतंय, म्हटलं. कुकर उतरवला.

पण सवय वाईट.
वरून खाली केली, मग खालून वर.
सातवी ओळ त्यानं बेरजेत धरलीच नव्हती.
चार लाख दोन हजार पाचशे.

तेजा पुण्याहून म्हणाली, "आई, गप्प बस ना.
सही त्याची, चूक त्याची."
मी गप्प बसले. एक रात्र.
कागद पालथा घालून, फ्रिजची घरघर ऐकत.

सकाळी फोन केला.
पलीकडे घमेलं आपटलं, मग बराच वेळ काहीच नाही.
"पोरानं वही वडली असंल मधीच," म्हणाला.
आणि जरा थांबून,
"मग सातवी खोडू का?"

ऑगस्ट लागला की आमच्या गावभागात
बरी आहेस का, असं कुणी विचारत नाही.
"आयर्विनला किती फूट?" एवढंच.

"नको," मी म्हटलं. "रंग खोडा."

दिवाळीला जाऊबाई येतील.
कोऱ्या फरशीवर उभ्या राहून
उघड्या गिलाव्याकडे बघतील,
मग डोक्याच्या वर गेलेल्या बटनांकडे.
"अगं, लहान पोरांनी काय करायचं?"
मी चहा टाकीन. कॅलेंडर कुठं लावायचं
ते अजून ठरलेलं नाही.

रंगाचे एक्केचाळीस हजार वजा केले,
हातात राहिले अठ्ठावीस हजार पाचशे.
पैसा बिननावाचा ठेवू नये, म्हणून
घरच्या वहीत नवं खातं उघडलं,
वर लिहिलं: कृष्णाबाई.

येणे की देणे,
तो रकाना कोरा आहे.