वजनाच्या उतरत्या क्रमाने

शारजा, इंडस्ट्रियल एरियातलं गोदाम.
आत बारा महिने बावीस अंश,
आमच्या कौतुकासाठी नव्हे,
वड्यांवरचं चॉकलेट पाघळू नये म्हणून.
दारापासून बसपर्यंत चाळीस पावलं,
तेवढ्यात ऑगस्ट कळतो.

माझं काम सोपं.
बोटीतून आलेल्या खोक्याच्या पाठीवर
अरबी चिठ्ठी चिकटवायची,
मूळ मजकुराच्या नेमकी वर,
अंगठ्याने उजवीकडून डावीकडे दाबत,
अक्षरं जातात तशीच.
पाळीला अठराशे.

अलिफ-बे मी बाणकोटच्या मक्तबात शिकलो,
खतीब मौलवींच्या छडीच्या टप्प्यात बसून.
वाचता यायचं सगळं, अर्थ कशाचाच नाही,
विचारणं आगाऊपणात जमा.
पहिला अर्थ मला इथे लागला,
बेचाळिसाव्या वर्षी, एका चिठ्ठीवर.
जेर नाही, जबर नाही, अक्षरांचा नुसता सांगाडा:
सीन, काफ, रे.
सुक्कर.
ओठांवर आला आणि समजलाच.
आमचीच साकर, एका मात्रेच्या अंतरावर.

मग खोड लागली.
शूफान म्हणजे ओट्स, कम्ह म्हणजे गहू.
शराब वाचून दचकलो,
प्रदीश हसला, अरे, पाक आहे तो, ग्लुकोजचा.
असल म्हणजे मध.
अस्सल आहे,
पण दोन टक्के.

नियम असा, की जे जास्त ते आधी लिहायचं.
खोक्यावर ओट्स पहिले.
साखर दुसरी, मग पाक, पुढे दिब्स, मग मध.
सातबाऱ्यावर चार भावांची नावं लावली
की कुणीच मोठा जमीनदार राहत नाही, तसं.
जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर बेरीज मांडली:
शंभरात चौतीस.
एका वेळचं प्रमाण, तीस ग्रॅम.
तेही काट्यावर घालून पाहिलं.
मुठीत मावतं, वर अंगठा मोकळा राहतो.
तीस ग्रॅमवर थांबणारं पोर
कुठल्या देशात असतं, ते चिठ्ठीवर नाही.

फेब्रुवारीत एक माल आला.
चित्रात बदाम, मूळ मजकुरात बदाम, ठळक छापलेला,
माझ्या चिठ्ठीत लौझ नाही.
तीनदा बोट फिरवलं.
लाम, वाव, झे, कुठेच नाही.
बदामाने घसा सुजतो कुणाकुणाचा, एवढं मला ठाऊक.
चार हजार खोकी तोवर चिकटवून झालेली.
हानीसाहेबांकडे गेलो.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
स्वतःच्याच भाषेतलं दोनदा वाचलं,
मग मला विचारलं, तू अरब कधीपासून?
उत्तर सुचलं नाही.

दोन दिवस आम्ही सोलत होतो.
केस वाळवायचं यंत्र, कोमट फडकं, नखं.
सोललेल्या चिठ्ठ्या चपलांना चिकटून खोलीवर आल्या,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अजून एक आहे.
जादा पैसे नाहीत. उलट प्रदीश बोलेना,
त्याची सुट्टी बुडाली होती.

नव्या चिठ्ठ्या लागल्या, माल सुटला,
कोपरे चेपलेली खोकी आम्हाला वाटली.
एक मी तुफैल मुकादमच्या बॅगेत दडपलं,
तीस किलोत कसंबसं.

आठवड्याने फोन. निदा, माझी धाकटी.
तीन वड्या पोटात गेल्यात, आवाजावरून कळतं.
थांबा म्हणते, वाचून दाखवते,
नुकतीच अक्षरं जोडायला लागलीय.
शू... फान.
सु... सुक्कर.
अर्थ सांगू का, मी विचारतो.
नको, म्हणते, तोंडात चौथी.
अब्बा, चिठ्ठी तिरकी लागलीय ही,
खालचं सगळं दिसतंय.