डाग

तू विचारलंस, गोचा, कागद नसताना येऊ का.
रात्रपाळी होती, म्हणून उत्तराला उशीर.

इथे प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो,
नावाच्या खाली, सहीच्या वर,
जरा जास्तच लांब आखलेला,
जणू सगळ्यांनाच त्यात पुष्कळ काही लिहायचं असतं.
मी पहिल्यांदा त्यात "नववी" लिहिलं.
काउंटरपलीकडच्या मुलीनं ते खोडलं नाही,
फक्त पेनाला टोपण लावलं.

मग हेरिंग माशांची डोकी उडवली, सात आठवडे.
हॉटेलातल्या चादरी.
एका म्हाताऱ्याचं तळघर उपसलं, त्यानं पैशांऐवजी
बायकोचा ओव्हरकोट दिला, तो मी घातला.
एजंट म्हणाला, पासपोर्ट माझ्याकडे ठेव, हरवशील.
तो देऊ नकोस. बाकी सगळं विसरलास तरी
एवढं एक पाठ कर.

ग्दिनियात आम्ही खोलीत आठ जण, गाद्या चार.
माझ्या गादीवर दिवसा मी, रात्री रोदेलिओ, सेबूचा.
दीड महिना मी त्याला
नुसत्या उबेवरून ओळखत होतो.
एका सकाळी उशीवर चिठ्ठी होती :
गोदीत कुठे शिकलास विचारत नाहीत,
दोन प्लेटा देतात.

गेलो. तपासनीस बाई, बोग्ना नावाची,
चष्मा साखळीला लोंबकळणारा.
मला भाषा येईना, म्हणून मी तळवे पुढे केले,
भाजल्याच्या खुणा, डाव्या अंगठ्याची अर्धी नखी.
हात दाखवून अवलक्षण!
तिनं बघितलंही नाही. मुखवटा हातात दिला,
कांडी दिली, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

तुझे आजोबा सामत्रेदियात
ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचे, काळ्या काचेशिवाय.
रात्री डोळ्यांत वाळू पेटायची.
आजी कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून
त्यांच्या पापण्यांवर ठेवायची,
आणि ते तसेच, बटाट्याच्या डोळ्यांनी,
छताकडे तोंड करून मला सांगायचे :
घाई केलीस की आत हवा राहते.
वरून कोणाला दिसत नाही.
माझं शाळा-कॉलेज म्हणशील तर हे,
आणि याला रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी बोग्नाबाईंनी
उजेडाच्या पेटीवर फिल्म लावली.
हाड मोडल्यावर काढतात ना,
तसा लोखंडाच्या आतला फोटो.
राखाडी पट्टा, सरळ,
आणि त्यात खसखशीएवढे दोन काळे ठिपके.
तिनं पेन्सिलीनं दोन्हींभोवती गोल केले
आणि मी इथला पहिला शब्द शिकलो, पोप्राव्का,
म्हणजे पुन्हा कर.
पुन्हा केलं. दुपारी तिनं सही केली.

गंमत बघ,
जुने कारागीर जोडण्याला डाग देणं म्हणतात.
तोच शर्टावर पडला की
लोक आयुष्यभर घासत बसतात.

माझ्या शेजारी उभा राहून तोच सांधा जोडणाऱ्या मारेकला
तासाला माझ्यापेक्षा अकरा झ्लॉटी जास्त मिळतात.
त्याच्याकडे कागद आहे.
माणूस चांगला आहे, सॉसेज अर्धं मोडून देतो,
अकरा झ्लॉटींबद्दल आम्ही बोलत नाही.
मागच्या मंगळवारी आमचं जहाज पाण्यात उतरलं.
बँड होता. आम्ही कुंपणाबाहेरून बघितलं,
मी माझी जागा शोधत होतो, चौथ्या पट्टीखाली डावीकडे,
ती तेव्हाच बुडाली होती.

ये असं म्हणत नाही. येऊ नकोस असंही नाही.
ती पहिली, नापास फिल्म मी मागून घेतली,
खिडकीला चिकटवली आहे.
रोदेलिओ सकाळी उठून बूट घालतो, मी आडवा होतो,
उजेड तिच्यातून येतो
आणि दोन ठिपके समोरच्या भिंतीवर पडतात,
बहुधा पडतात. मी लगेच झोपतो.

आलास तर थंडीचे मोजे आण, जाड.
आईला सांग, बटाटे बांधून देऊ नकोस.
ते इथे भरपूर मिळतात.