पुस्तक जिथं आपोआप उघडतं

संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही.
पण पोर्तो अलेग्रेच्या या उतरत्या गल्लीत
एकवीस वर्षं जुनी पुस्तकं विकलीत,
पुस्तक पारखता येतं.
कणा तळहातावर टेकवायचा
आणि दुसरा हात काढून घ्यायचा.
ते जिथं आपोआप उघडेल
तिथं आधीचा माणूस अडकलेला असतो.

वाल्दोमिरू शनिवारी आला, रात्रपाळी उतरवून,
शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला,
डोळे तांबारलेले.
"लिनक्स शिकायचंय," म्हणाला,
दाढ काढायचीय म्हणावं तसं.
कुठल्याशा बँकेनं शाळेला अकरा संगणक दिलेत,
इतके म्हातारे की विकतची प्रणाली त्यांना पेलवत नाही.
मुलं पडद्यावरच्या धुळीत बोटानं नावं लिहितात.
"ही फुकट असते ना?"
"फुकट नाही. मोकळी,"
तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.
ऐकलेलं वाक्य
पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं असावं.

मी तिसरी फळी दाखवली.
पुराचं पाणी दुसरीपर्यंत चढलं होतं.
पाककृती गेल्या, संतांची चरित्रं गेली,
ज्यांना कुणी विचारत नव्हतं ते हे ठोकळे
कोरडेच्या कोरडे राहिले.

पहिलं अकराशे पानांचं, उशाला घ्यावं एवढं.
सोडलं. पान नऊ.
"नको. इथून पुढं कुणी गेलंच नाही."
दुसरं दहा दिवसांत सगळं शिकवणारं, चकचकीत.
ते उघडलंच नाही.
"हे कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं आहे."
तिसरं अगदी ताजं, पण इंग्रजी.
त्यानं एक ओळ ओठांनी चाचपली
आणि फळीवर परत ठेवलं
दुसऱ्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसं.

चौथं मळकट. पाठीला चिकटपट्टी,
किंमत तीनदा खोडलेली.
सोडलं तर एकशे चाळीसवर उघडलं.
पुन्हा सोडलं, अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा, तीनशे दोन.
समासात पेन्सिल, बाईचं अक्षर वाटलं:
'हे चालत नाही.'
त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी,
'चालतं. मधली मोकळी जागा सोडायची राहिली होती.'
एका पानावर नुसतंच 'अरे देवा'.
एका पानावर एर्वाचा हिरवा डाग
आणि त्यातून निघालेला बाण:
'इथून बाहेर कसं पडायचं ते पान २१७'.

"पण चौदा वर्षांचं जुनं आहे हे," तो म्हणाला.
मी तुंब्यातल्या एर्वावर गरम पाणी ओतलं,
नळी त्याच्याकडे फिरवली.
मला काय कळणार?
म्हटलं, माझा बाप कुलपं दुरुस्त करायचा,
शिकला होता आजोबांच्या पुस्तकातून,
आणि नवीन कुलपं गावात त्यालाच उघडायची.
हे खोटं होतं. बाप टॅक्सी चालवायचा.
वाल्दोमिरूनं पंधरा रेआल मोजले,
शेवटचे दोन नाण्यांत.

ऑगस्टच्या गारठ्यात परत आला.
अकरातले सात चालतात, म्हणाला.
एकाचा पंखा बोकडासारखा ओरडतो, पण चालतो.
"तुमची ती बाई चुकली होती.
दोनशे सतरा नाही, दोनशे एकाहत्तर.
पूर्ण एक रात्र अडकून पडलो,
शेवटी वायरच उपटली."
तिच्या बाणाखाली त्यानं निळ्या शाईत आकडा सुधारला होता,
शेजारी, का कोण जाणे, तारीख आणि सही.

"विकायला आणलंस?"
"छे. दाखवायला."
मी तरी सवयीनं कणा तळहातावर टेकवला
आणि हात काढून घेतला.
पानं थोडी इकडे झाली, थोडी तिकडे.
कुठं उघडावं
ते पुस्तकाला ठरवता येईना.