वीस पायऱ्यांचा अंदाज

अप्पा कन्नडात मोजतात,
कुरापाटीबाई तेलुगूत पुटपुटतात,
कागदावर मराठीत लिहिते मी.
साखर पेठ, एप्रिलची अठरा तारीख, दुपारचे तीन.
खाली चार माग एकदम चालू,
त्यामुळे आकडे ओरडून सांगावे लागतात,
आणि ओरडून सांगितलेला आकडा
असतो त्याहून मोठा वाटतो.

“एवढे कशाला ओ मौनेशअण्णा? जिनाच हाय की.
लोखंडी केला तर निम्म्यात होतंय.”

होतं. अप्पा नाही म्हणत नाहीत.
ते बाहेरच्या लोखंडी शिडीकडे बघतात,
मग बाईंच्या तळहाताला गुंडाळलेल्या फडक्याकडे,
मग गुडघ्याकडे.
चाळीस वर्षं कांड्या भरताना दुमडलेला गुडघा.
“ओट्यावर चढून दाखवा,” म्हणतात.
बाई चढतात, चौकट धरून.

खर्च तिथून वाढला.
मजल्याची उंची दहा फूट.
साडेसात इंचाची चढण धरली तर सोळात माणूस वर,
पण हा गुडघा सहाच्या पुढे जात नाही.
सहाने वीस.
चार वाढल्या की जिना लांबतो,
लांबला की थेट मोरीत उतरतो,
म्हणून मधेच वळवायचा,
आणि वळणावरच्या पायऱ्या तिकोनी,
रुंद फळीतून काढायच्या.
उरलेला तिकोन वाया,
पैसे मात्र अख्ख्या फळीचे.

“मग ते तिकोन माझे.”
लिहिलं: उरलेले तुकडे मालकिणीचे.

सासऱ्यांच्या शेडचे सागवानी वासे पडून आहेत,
फुकटचे, असं बाईंचं म्हणणं.
अप्पांनी त्यांवरून चुंबक फिरवला.
अकरा ठिकाणी चिकटला.
अकरा खिळे पोटात, म्हणजे करवतीची तीन पाती तरी.
फुकट लाकूड मी पात्यांच्या रकान्यात लिहिलं.

कमी पडेल ते दांडेलीचं.
ते ओलं येतं, सावलीच्या सवयीचं,
आणि आपल्याकडं मे महिन्यात
पापड उलटायच्या आत वाळतो.
लगेच बसवलं तर फाटेल.
दिवाळीपर्यंत आमच्या माळ्यावर राहील,
फळी, पट्टी, फळी, पट्टी.
त्या राहण्याचं भाडं.
“झोपायचे पैसे?” बाई हसल्या.
“झोपायचेच. जागं लाकूड वाकतं.”

कठड्यासाठी त्यांची मूठ सुतळीनं मोजली.
मूठ लहान निघाली. तेवढे चारशे कमी.

मग लाईट गेली.
माग थांबले, पंखा थांबला,
अख्खी पेठ गप्प,
आणि बाई आवाज खाली आणून म्हणाल्या,
“एक पायरी वाजंल अशी ठेवा.
अंबादास रात्री दोनला येतो पाळीवरनं.
शिडी वाजती. कळतं मला, आला.
मग डोळा लागतो.”

अप्पांची पेन्सिल कानावरच राहिली.
पायऱ्या गप्प करण्यात गेलाय हा माणूस.
खाचेत खाच, पाचर, सरस,
अर्धी मजुरी त्याचीच तर असते.
आता वाजणारी हवी,
पण खिळखिळी नको,
एवढीच वाजणारी,
पुढची वीस वर्षं, पावसाळ्यातही.

“त्याचे कमी करा की. काम कमी ना त्यात.”
“जास्त लागतील,” अप्पा म्हणाले. “किती, ते ठाऊक नाही.”
असं मी त्यांना गिऱ्हाइकासमोर
पहिल्यांदा बोलताना ऐकलं.

“कितवी पायरी?” मी विचारलं. रकाना भरायचा होता.
बाई डोळे मिटून मनात चढू लागल्या,
ओकटी, रेंडू, मूडू,
वळणापाशी जरा थांबल्या,
कठड्यावर हात ठेवावा तसा हवेत हात,
ओठ हलले,
आणि तेवढ्यात लाईट आली.
चारही माग एकदम.

घरी येताना अशोक चौकात
अप्पांनी स्कूटर बाजूला घेतली.
“नऊ म्हणाली,
की अकरा?”