आठवडा ढकल

तेवीस तारीख. केरुबोच्या पाकिटात
दोनशे शिलिंग, त्यातले ऐंशी मटाटूचे.

कोपऱ्यावरची बाई बोलता बोलता
पानांची गुंडाळी वळते, सुरी चालवते;
हिरवी कातर पिशवीत पडते. वीस शिलिंग.
सुकुमा विकी म्हणतात या भाजीला नैरोबीत.
म्हणजे, आठवडा ढकल.

चौथा मजला. एक शेगडी, दोन पातेली.
आधी उगाली: मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात,
घोटायचं खांद्यापासून.
गुठळी राहिली तर किसीत बसलेल्या आईला
फोनवरूनच कळतं, कसं कोण जाणे.
मग कांदा. टोमॅटो अर्धाच,
दुसरा अर्धा उद्याचा.
पानं शेवटी, झाकण न ठेवता,
नाहीतर रंग जातो. हे ती
पहिल्या पगाराच्या महिन्यात
तीनदा राखाडी चोथा गिळून शिकली.

खायला बसणार, तोच दारावर टकटक:
शेजारचा मुसेम्बी. मीठ आहे का?
मीठ आहे.
त्याच्याकडे दोन अंडी आहेत,
आणि तेल संपलंय, हे तो जरा उशिरा सांगतो.

दोघं पातेल्यातूनच खातात,
उगालीच्या गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडत.

गुरुवार
हातभर पुढे सरकतो.