चेकनाका

बस थांबते तिथं नाका नाही, कधीच नव्हता.
कंडक्टर तरी ओरडतो, चेकनाका, चेकनाका,
नवा माणूस उतरून फाटक शोधत राहतो.

कन्हानच्या अलीकडं, वीटभट्ट्यांच्या मागं
काचेचा कारखाना होता.
बांगड्यांसाठी सहा घरं आली बोहेमियाच्या डोंगरातून.
सोबत फुंकायच्या लोखंडी नळ्या,
तीन वर्षांचा करार
आणि पिसांच्या रजया. नागपुरात, रजया!

स्मशान कोणी मुहूर्त पाहून काढत नाही.
सव्वीस सालच्या मे महिन्यात
अकरा आठवड्यांची आन्येझ्का उन्हानं गेली.
कामठीत गोऱ्यांच्या दफनभूमीवर विचारलं,
कोणत्या पलटणीची?
मग तिचा बाप व्हात्स्लाव मालगुजाराकडं गेला,
वीस कबरींपुरती जमीन मागितली.
जास्त कशाला, आपण तर परतणार.

रहीमबक्ष पाथरवटानं नाव कोरलं.
कागदावर एका अक्षराच्या डोक्यावर
टोकदार चंद्र होता उलट्या टोपीसारखा,
त्याला वाटलं शाई सांडली. त्यानं सोडला.
बापानं रात्री येऊन खिळ्यानं ओरखडला.
दिसत नाही आता. बोटाला लागतो.

माझा आजा, झिबल नेवारे, तिथं पाणी घालायचा.
त्यांनी देशावरून मागवलेल्या झाडाला
तीन उन्हाळे घातलं, तीनदा ते जळलं.
कडुनिंब आपोआप आला. त्याला कोणी विचारलं नाही
कोणत्या पलटणीचा.

एकोणचाळीसात त्यांचा देश नकाशातून गेला.
सीताबर्डीच्या ठाण्यात कारकुनानं लिहिलं, जर्मन.
व्हात्स्लावनं टेबलावर मूठ आपटली: चेक!
कारकून म्हणे, इथं रोख लागते, बाप्पा.
अख्खं ठाणं हसलं.
तोही हसला, आजा सांगायचा,
पण घरी पोचल्यावर, आणि खूप वेळ.

दोनच घरं परतली.
बाकीची इथंच उतरली एकेक,
छातीत भट्टी घेऊन, टायफॉइडनं,
एक जण कन्हानच्या डोहात, पोहता येत असून.
शेवटची लुडमिला, एकाहत्तर साली.
मनगटात हिरव्या बांगड्या, घट्ट रुतलेल्या.
विधवेला हिरवा चुडा? कोणीतरी कुजबुजलं,
दगड उचलला.
आजा म्हणाला, तिच्याच हातच्या हायेत,
तिले कोण शिकवते?
तशीच ठेवली.

परवा मोजणीवाला आला, रस्ता रुंद करायचा आहे.
जागा कोणाची?
म्हटलं, चेक लोकांची.
त्यानं टेपवरून मान वर केली.
चेकनाक्याची न? म्हणजे सरकारी.
आणि लिहूनही टाकलं.

मी कागद दाखवला, मोडीतला, मालगुजाराच्या सहीचा.
त्याला वाचता येईना. मलाही येत नाही.
मग तो कबरी मोजू लागला, चुन्याची खूण करत.
एकोणीस भरल्या.
कागदात वीस आहेत, मी म्हटलं.
विसावी कुठं हाय, दाखवा न.

मी सरकलो नाही.
पायाखाली काचेचा चुरा होता,
चपलेतून टोचत होता.