पहिली टाकी

सकाळचे सात. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर.
थंडी नऊ अंश, आणि द्राक्षबागांत रात्री पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून बांधाबांधावर रेंगाळलेला.
ट्रॉली उलटी पाण्यात घेतो आम्ही,
हिरामण चाकाला दगड लावतो,
आणि ती जेटस्की, लालाची उन्हानं गुलाबी झालेली,
घसरत उतरते, म्हशीसारखी, आधी बूड.

मालक म्हणाला होता, भंगारात देऊन टाका.
शरयू म्हणाली, मला द्या.
दोन महिने सातपूरच्या शेडमध्ये
जुन्या वर्तमानपत्रांवर तिचं पोट पसरलेलं:
सर्कलिप, गॅस्केटचे तुकडे,
आणि कडेनं मेणबत्तीसारखा ओघळलेला एक पिस्टन.
कोकणीपुऱ्यातल्या इस्माईलभाईंनी सिलिंडर बोअर करून दिले.
आतल्या तिरक्या बारीक रेघा
टॉर्च मारून दाखवल्या तिला.
"बेटा, या जाळीत तेल बसतं.
गुळगुळीत केलं असतं तर दिसलं छान असतं,
टिकलं नसतं."

पेट्रोलमध्ये तेल, पंचवीसला एक.
मी मोजून ओतलेलं
ती पुन्हा मोजते.
तीस वर्षं टू-स्ट्रोक उघडतोय मी,
पण आज मागच्या सीटवर, आणि तोंड बंद.
अट तिची.

स्टार्टर दोनदा कण्हतो, तिसऱ्यांदा उचलतो.
निळा धूर पाण्यावर आडवा पसरतो.
हिरामण काठावरून ओरडतो,
"मामा, वर्षभराचे डास मेले!"

अर्ध्याच्या वर थ्रॉटल नाही.
आणि एका वेगातही राहायचं नाही,
जरा द्यायचं, जरा सोडायचं.
रिंगही नवी, भिंतही नवी, दोघी खरखरीत,
घासून घासूनच जमणार,
एका स्वयंपाकघरातल्या जावांसारखं.

मला हे माहीत होतं.
त्र्याऐंशी साली, नव्या पिस्टनची येझदी
कसारा घाटात पूर्ण पिळली मी तरीही,
मागे लग्नाला अकरा दिवस झालेली बायको.
मागचं चाक जागच्या जागी गच्च.
चार तास आम्ही कठड्यावर बसलो,
तिच्या डब्यातले लाडू संपले.
घरी पाहुणा नवा असला
की ती अजून सांगते, लाडवांसकट.

धरणाच्या मधोमध
शरयू लॅनयार्ड ओढते.
एकदम शांत. बुडाशी पाण्याच्या चापट्या.
"काय झालं?" निघालंच तोंडातून.
"काही नाही. थंड होऊ दे."

वीस वर्षं या पाण्यावर ट्रायल घेतो मी,
सत्तरच्या खाली कधी आलो नव्हतो.
इथे एका वाळक्या खोडावर
पाणकावळे पंख पसरून बसतात,
आणि पलीकडच्या काठाला कुणाचा तरी पंप
दर आठव्या ठोक्याला अडखळतो, हे आज कळलं.
त्याचाही प्लग बघायला हवा कुणीतरी.

तिनं झाकण उघडलं, पाना लावला,
फडक्यात गरम प्लग धरून
माझ्या नाकासमोर आणला.
शेंगदाण्याच्या सालीचा रंग.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
दुसरा निघाला, तो जरा काळा.
"बघू," म्हणाली, आणि परत बसवला.

आता वारा पडलाय.
समोर दीड किलोमीटर पाणी,
त्यावर एक सुरकुती नाही, एक होडी नाही.
इंजिनाचा आवाजही बदललाय,
मघाची खरखर बसली, खाली काहीतरी मोकळं गातंय
आणि मागतंय.
मी मागून तिचा अंगठा बघतो,
लिव्हरवर, थंडीनं पांढरा.
जरा देतो. जरा सोडतो.
अर्ध्यावर येऊन थांबतो.

माझा अंगठा,
माझ्याच मांडीत,
पूर्ण दाबलेला.